खालून की वरून?

एकादशीत जशी स्मार्त आणि भागवत, तसे गाडीचं ऑइल घरी बदलणाऱ्यांतही दोन पंथ आहेत. खालून काढणारे आणि वरून काढणारे.

खालून-पंथ जुना नि कर्मठ. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळही बरोबर घेऊन येतं. मग गाडी रॅम्पवर चढवायची (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याने आधी विम्याचा हप्ता भरावा), घमेलं सरकवायचं, ड्रेनचा नट सोडायचा, नवा वॉशर घालायचा. वरून-पंथ सोवळ्यातला. डिपस्टिक काढून तिथून बारीक नळी घालायची आणि पंपाने ऑइल ओढून घ्यायचं. कपड्याला डाग नाही, पाठीत उसण नाही. पहिले म्हणतात, "तुमचा गाळ तळाशीच राहतो." दुसरे म्हणतात, "तुमच्या नटाचे आटे जातात." फिल्टर खालच्या अंगाला असला, की सोवळ्यातल्यांनाही आडवं व्हावंच लागतं, ते सोडा.

आमच्या नगरात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, जिभेला थोडा वेळ द्या) या वादाला धार जास्त. इथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, किनेटिकची लूनाही इथल्याच कारखान्यात बनायची. लूनाला बिचारीला हा वादच नव्हता. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते जळून धूर होई आणि मागच्याच्या नाकात जाई. आपलं पाप, दुसऱ्याला प्रसाद!

पण दोन्ही पंथांना एक प्रश्न विचारून बघा. निघालेल्या तीन लिटर काळ्या ऑइलचं काय केलंत? एकजण म्हणतो, चौकटीला वाळवी लागली होती. दुसरा म्हणतो, सेंट्रिंगच्या फळ्यांना दिलं. तिसरा आवाज उतरवून म्हणतो, "गटारात." त्या ऑइलात काजळी असते, धातूचा कीस असतो, आणि गटार शेवटी सीनेच्या वाटेला लागतं.

हात साबणाने धुतले म्हणजे स्वच्छ झाले का? घाण आपल्या फाटकाबाहेर गेली, की ती जगातून गेली असंच आपण धरतो. शेजारी हिवरे बाजार दर वर्षी पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतं. तिथे लोकांनी पाणी अडवलं, पाणी जिरवलं. आपण ऑइल जिरवतो.

उपाय साधा आहे. नव्या ऑइलचा डबा रिकामा झालेलाच असतो. त्यातच जुनं भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि जे गॅरेज जुनं ऑइल पुन्हा शुद्ध करणाऱ्यांना देतं, तिथे पोचवायचं. कायदाही त्याला घातक कचराच म्हणतो. नट आवळला म्हणजे काम संपलं नाही. डबा पोचला म्हणजे संपलं.

यावर घरातून हमखास विचारणा होते, "गॅरेजपर्यंत जायचंच होतं, तर ऑइल तिथेच का नाही बदललं?"

याचं उत्तर मात्र दोन्ही पंथांत सापडत नाही.