नकार पचवायचा की ऐकायचा?

मुलांना डेटिंग शिकवणाऱ्या रील्सचा सध्या सुळसुळाट आहे. मेसेजला लगेच उत्तर देऊ नका, पहिल्या भेटीला जेवण नको, कॉफी पुरे, बिल कोणी द्यायचं, नजर कुठे ठेवायची. त्यावरचा वादही तितकाच उथळ. एक बाजू हे सगळं थिल्लर म्हणून झटकून टाकते, तर दुसरी 'मुलांना कुणी शिकवायला नको का?' म्हणत पाठीशी घालते. शिकवायला हवंच. वात्स्यायनाने लग्न झालेल्या पुरुषालाही बायकोचा विश्वास बसेपर्यंत थांबायला सांगितलं, र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं. हा विषय आपल्याला नवा नाही. शिकवतात काय, हे मात्र कुणी तपासत नाही.

'तू आहेस तसाच राहा' हा सल्ला निरुपयोगी आहे. मुलींशी बोलताना घाम फुटणाऱ्या मुलाला तसंच राहायचं नसतं. 'बायकांना फक्त पैसा दिसतो' हा तर नुसता रुसवा.

दखल घ्यावी असा एकच पंथ उरतो, तंत्रवाद्यांचा, म्हणजे मुलींना पटवायचे ठरावीक डावपेच शिकवणाऱ्यांचा. नील स्ट्रॉसच्या 'द गेम' या २००५ सालच्या पुस्तकाने तो जगभर पोचवला आणि आजचे कितीतरी रील्स त्याच्याच उष्ट्यावर जगतात. बुजऱ्या मुलाला या पंथाने पहिलं वाक्य दिलं, हे मी मनापासून मान्य करतो. मुलांच्या शाळेत शिकलेला, बहिणीच्या मैत्रिणी घरी आल्या की आतल्या खोलीत जाणारा मुलगा पंचविशीत ॲपवर उतरतो, तेव्हा पहिलं वाक्य ही मोठीच मदत असते.

पण दुसऱ्या वाक्यापासून पंथ बिघडतो. तिने विषय टाळला, तर ती परीक्षा घेतेय. टोमणा मारला, तरी परीक्षाच. तिने जवळ येऊ दिलं नाही, तर त्याला पंथात नावच आहे, 'लास्ट मिनिट रेझिस्टन्स', आणि तो मोडून काढायच्या युक्त्याही आहेत. एकदा हे मान्य केलं की तिच्याकडे नकाराची भाषाच उरत नाही. ती काहीही म्हणाली तरी तो खेळातला पुढचा डाव ठरतो. २०१४ मध्ये ज्युलियन ब्लँक या पंथातल्या प्रशिक्षकाचा व्हिसा त्याच्या शिकवणीवरून ऑस्ट्रेलियाने रद्द केला, ब्रिटनने त्याला प्रवेश नाकारला. त्याला अपवाद म्हणून सोडून देणं मला पटत नाही. तो त्याच शिकवणीच्या टोकाला जाऊन पोचला होता.

पंथ म्हणेल, आम्ही तर नकार पचवायला शिकवतो. शिकवतात, आणि त्याने काही मुलं निराशेतून सावरलीही असतील. पण नकार पचवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. पचवताना सगळं लक्ष स्वतःच्या अपमानावर असतं, ऐकताना ते तिच्यावर असावं लागतं. ज्याला नकार उत्तम पचतो, तो पुन्हा ताज्या दमाने तिच्याचकडे येऊ शकतो.

पहिलीच भेट घ्या. मेट्रो स्टेशनजवळचं गजबजलेलं कॅफे तिने सुचवलेलं असतं, लाइव्ह लोकेशन मैत्रिणीकडे असतं. अर्ध्या तासाने तिची उत्तरं एकेका शब्दावर येतात, ती पर्स मांडीवर घेते. मुलगा पाठ केलेला पुढचा प्रश्न काढतो, 'आयुष्यात सगळ्यात वेड्यासारखं काय केलंयस?' तंत्रात त्याची कुठेही चूक नाही. फक्त ती निघायच्या बेतात आहे, हे त्याला दिसलेलं नाही.

२०१३ मध्ये पाठलागाचा गुन्हा दंड संहितेत आला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. त्यात तिने 'नाही' हा शब्द उच्चारण्याची अट नाही; तिने अनास्था स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा गुन्हा आहे. कायद्याला इतकं उमगतं, तर शिकवणाऱ्यांना का उमगू नये?

यावर मुलं विचारतात, ती सरळ का सांगत नाही? कारण अनोळखी पुरुषाला तोंडावर नाही म्हटलं, तर तो कसा वागेल याची तिला खात्री नसते. म्हणून ती 'बघू, कळवते' म्हणते. माझ्या मते त्यानंतरचा मेसेज तिचाच असावा. यात काही खऱ्या संधी हुकतील, मुलगी लाजरी असेल तर जास्तच. ती किंमत मला मान्य आहे.