उदरातले संचित

संचित म्हटले की आपल्यासमोर जन्मोजन्मीचे कर्म उभे राहते. पण देहाच्या आत, मोठ्या आतड्यात, असेच एक संचित क्षणोक्षणी आपल्यासोबत वावरत असते. तिथे नांदणाऱ्या असंख्य जीवाणूंपैकी अनेकांजवळ प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारी जनुके असतात. एखादे पेनिसिलीनचा रेणू फोडणारे विकर घडवते, तर एखादे पेशीत शिरलेले टेट्रासायक्लीन बाहेर उपसून टाकणारे प्रथिन.

हे संचित मुळात माणसाने निर्माण केलेले नाही. कॅनडातल्या युकॉन प्रांतात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत अशी जनुके आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. व्हेनेझुएलाच्या अरण्यात २००९ पर्यंत बाह्य जगापासून दूर राहिलेल्या यानोमामी वस्तीतल्या माणसांच्या आतड्यांतही ती मिळाली, आणि त्यांनी तर प्रतिजैविक घेतल्याची कुठलीही नोंद नव्हती.

मग हे संचित फळते कधी? क्रियमाणाची, म्हणजे आपल्या आजच्या कर्माची, जोड मिळाली की. विषाणूमुळे झालेल्या साध्या सर्दीवर आपण दुकानातून प्रतिजैविक आणून घेतो, तेव्हा विषाणूला काहीच होत नाही. आतड्यातले दुबळे जीवाणू मात्र मरतात आणि ज्यांच्यापाशी ते जनुक आहे, त्यांना सगळे रान मोकळे होते. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक अवघे सात दिवस घेतलेल्या माणसांत दोन वर्षांनंतरही प्रतिरोधी जीवाणू टिकून असल्याचे दिसले आहे. गरज असताना औषध घ्यावेच, ते प्राण वाचवते. मला खंत वाटते ती गरज नसताना घेतलेल्या गोळीची.

आणि इथेच हे संचित कर्माच्या संचितापासून वेगळे होते. ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते, असे आपण मानतो. हे संचित मात्र हस्तांतरित होते. दोन जीवाणू एकमेकांना भिडून जनुके देतात, हे शास्त्रज्ञ लेडरबर्ग आणि टॅटम यांनी १९४६ साली दाखवले. पुढे पन्नासच्या दशकात जपानमध्ये आमांशाचे शिगेला जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनात, आणि आतड्यात सहसा निरुपद्रवी राहणाऱ्या ई. कोलायकडून ही शक्ती शिगेलाकडे जाऊ शकते, हे तिथल्या संशोधकांनी सिद्ध केले. आईकडून बाळाकडे जाणाऱ्या जीवाणूंबरोबरही ही जनुके जातात, म्हणूनच औषधाचा एक थेंबही न घेतलेल्या तान्ह्याच्या पोटात हे संचित सापडते.