दुसऱ्या टोकाच्या एकवीस धावा

29 मे 2022. रात्रीचा एक वाजत आला होता. साताऱ्यातल्या कॉट बेसिसच्या खोलीत पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून मी चॅम्पियन्स लीगच्या फायनलची वाट बघत बसलो होतो. रियाल माद्रिद विरुद्ध लिव्हरपूल. पॅरिसजवळच्या स्टेडियमबाहेर प्रेक्षक अडकून पडले होते, त्यामुळे मॅच अर्ध्या तासाहून जास्त लांबली होती. तेवढ्यात दादाचा फोन आला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती, म्हणून तो तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत पाणी धरायला गेला होता.

"झाली का रं चालू?"

"अजून नाही."

"हितं नेट चालंना. गोल झाला की मिस कॉल दे."

59 व्या मिनिटाला मी मिस कॉल दिला. व्हिनिसियसचा गोल, रियाल 1-0. पुढचा मिस कॉल द्यायची वेळच आली नाही. मॅच संपल्यावर त्याचाच फोन आला. "खेळलं कोण चांगलं?" मी म्हटलं, लिव्हरपूल. तो क्षणभर थांबला. "मग हरलं कसं?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी आकडे बघू. लिव्हरपूलने त्या रात्री गोलच्या दिशेने वीसहून जास्त फटके मारले. त्यातले 9 नेमके होते आणि ते सगळे रियालचा गोलकीपर कुर्त्वाने अडवले. रियालचे फटके एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. गोलच्या आधी वाल्व्हर्देने उजवीकडून जोरात चेंडू मारला. मला तो आजही पास कमी आणि गोलवर मारलेला फटका जास्त वाटतो. पण चेंडू व्हिनिसियसकडे गेला आणि गोल झाला, म्हणून रकान्यात वाल्व्हर्देच्या नावावर 'असिस्ट' लागला. त्याच्या मनात काय होतं, यासाठी रकाना नसतो.

आजकाल फुटबॉलमध्ये एक्सजी नावाचा आकडा असतो. एखाद्या जागेवरून, एखाद्या कोनातून मारलेले तसे हजारो फटके आधी तपासायचे, त्यातले किती आत गेले ते बघायचं आणि त्यावरून नव्या फटक्याची किंमत ठरवायची. पेनल्टीची किंमत पाऊणच्या आसपास येते. म्हणजे शंभरातल्या पाऊणशे जातात. पण मैदानात पाऊण गोल होत नाही. एक तर होतो किंवा होत नाही. मग आपण खेळाडूला कशावरून जोखायचं, त्याने जे केलं त्यावरून की पुढे जे झालं त्यावरून?

तत्त्वज्ञानात याला 'नैतिक नशीब' असं काहीसं म्हणता येईल. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघांनी हा प्रश्न नीट मांडला. दोन माणसं सारखीच वागली, पण एकाचं निभावलं आणि दुसऱ्याच्या हातून अनर्थ झाला, तर आपण दोघांना सारखं धरतो का? धरायला हवं असं आपण म्हणतो, पण तसं धरत नाही. आपल्याकडे याचं उत्तर प्रत्येक घराच्या भिंतीवर कॅलेंडरसारखं टांगलेलं असतं. कर्म करा, फळावर नजर ठेवू नका. आणि त्याच घरात निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न असतो, "किती पडले?"

आकड्यांना नावं ठेवून गोष्टीकडे वळावं, तर गोष्टही काही कमी नाही. त्या मोसमाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: माद्रिद कधी मरत नाही. बेन्झेमाचे 15 गोल. सेमीफायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध 90 व्या मिनिटापर्यंत दोन्ही मॅच मिळून 3-5 ने मागे, मग रॉड्रिगोचे लागोपाठ दोन गोल आणि एक्स्ट्रा टाइममध्ये बेन्झेमाची पेनल्टी. या गोष्टीत फेर्लां मेंडी बहुतेकांना आठवत नाही. रॉड्रिगोच्या गोलआधी काही मिनिटं ग्रीलिशचा फटका आत जाणार होता आणि मेंडीने तो गोलरेषेवरून पाय लांबवून बाहेर काढला. तो गेला असता तर फरक तीन गोलांचा झाला असता. त्या मॅचमध्ये मेंडीच्या नावावर ना गोल, ना असिस्ट. आकड्याने त्याला वगळलं आणि गोष्टीनेही.

मी सांगलीहून साताऱ्याला एसटीने येतो. इस्लामपूर, पेठ नाका, कराड. मोबाईलची बॅटरी जपायची असते, म्हणून खिडकीबाहेर बघतो. या एका रस्त्याच्या दोन टोकांवर मला याच प्रश्नाची दोन माणसं सापडली.

पहिला सांगलीचा. विजय हजारे, जन्म सांगलीत, 1915. 1943-44 च्या मोसमातली बॉम्बे पेंटँग्युलरची फायनल. तेव्हा धर्माप्रमाणे संघ असत. हजारे मराठी ख्रिश्चन, म्हणून ते 'द रेस्ट' या संघात होते. समोर हिंदूंचा संघ. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला होता. फॉलोऑननंतर त्यांनी 387 केल्या, त्यातल्या 309 एकट्या हजारेंच्या. शंभरातल्या ऐंशी धावा एका माणसाच्या! आणि तरी संघ एक डाव आणि 61 धावांनी हरला.

पण त्या स्कोअरकार्डावर मी अडकतो ते दुसऱ्याच नावापाशी. सहाव्या विकेटसाठी 300 धावांची भागीदारी झाली. दुसऱ्या टोकाला विजयचा भाऊ विवेक होता. त्याच्या धावा 21. नुसत्या रकान्यात बघितलं तर 21 म्हणजे फार काही नाही. पण तो बाद झाला असता तर 309 झाल्या असत्या का? आज देशातली एक मोठी वनडे स्पर्धा विजय हजारेंच्या नावाने खेळली जाते, आणि ते योग्यच आहे. त्या 309 विवेकने केल्या नव्हत्या, त्याला त्या जमल्याही नसत्या. त्यातल्या निम्म्या विवेकच्या नावावर लावा असं म्हणणं म्हणजे उगाच भाबडेपणा.

दुसरा माणूस कराडजवळच्या गोळेश्वरचा. खाशाबा जाधव. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, 1952 ला हेलसिंकीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं. पदकांच्या तक्त्यात खाशाबांसमोर फक्त 1 हा आकडा आहे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले होते. त्या घराला पदकतक्त्यात जागा नाही. असावी असंही मी म्हणत नाही. कुस्ती खाशाबाच खेळले.

मग विवेकचं काय, खर्डेकरांचं काय? मला वाटतं, आपण श्रेय आणि देणं या दोन गोष्टी एकाच वहीत लिहितो आणि तिथेच घोळ होतो. धावा एकाच्या असू शकतात. पण त्या करायला खेळपट्टीवर जो वेळ मिळाला, तो दुसऱ्या कुणीतरी उभं राहून मिळवून दिलेला असतो. स्कोअरकार्ड श्रेयाचा हिशेब चोख ठेवतं. देण्याचा हिशेब ठेवणं हे त्याचं कामच नाही. ते ज्याने धावा केल्या त्याचं काम आहे.

आता माझा स्कोअर सांगतो. त्या फायनलच्या वर्षी माझी स्पर्धा परीक्षा दोन मार्कांनी हुकली. पुढच्या वर्षी मला चार मार्क जास्त पडले आणि निवड झाली. खोली तीच, नोट्स त्याच, मीही तोच. पहिल्या वर्षी गावात माझी गोष्ट होती, "पोरगं नुसतं बसून खातंय." दुसऱ्या वर्षी गोष्ट झाली, "जिद्दीनं केलं पठ्ठ्यानं." मधे फक्त सहा मार्क होते. एसटी स्टँडजवळ माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. त्यावर आबांचं नाव होतं, शुभेच्छुकांच्या रांगेत गावातली निम्मी पोरं होती. फ्लेक्सचे पैसे दादाने भरले होते आणि त्याचं नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "जागा संपली."

त्याच हंगामात बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला. घडकुजीने अर्धी बाग गेली. फवारणी वेळेवर झाली होती, छाटणी नीट झाली होती. सगळं बरोबर करून तो हरला होता आणि मी जवळपास तेच करून जिंकलो होतो. साताऱ्याच्या खोलीचं भाडं पाच वर्षं त्याच बागेतून आलं. त्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सुटलं होतं, कारण आबांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि बागेत कुणीतरी लागणार होतं. त्या कुणीतरीला मी तेव्हा नाव दिलं नाही. मी अभ्यासाला बसलो.

गेल्या महिन्यात आबा म्हणाले, "माझ्या डोळ्यादेखत वाटणी करून टाकू. तीन एकर, निम्मं-निम्मं." हिशेबाला चूक नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं लागतील, दीड एकर त्याला, दीड मला. माझ्याकडे पगार आहे, त्याच्याकडे बाग आणि सोसायटीचं कर्ज. कायद्याने माझा वाटा माझाच आहे आणि तो सोडला तर मी फार मोठा माणूस ठरेन असंही नाही. मागे घेतलेलं थोडं परत दिलं, इतकंच होईल. तरीही आबा बोलले तेव्हा मी मान हलवली आणि गप्प राहिलो. दीड एकर बागेची किंमत मी मनातल्या मनात काढलेली होती. ती किती होते हे मला आजही पाठ आहे, हे कबूल करायला हवं.

दादाशी यावर अजून बोललो नाही. बोललो तर तो हसून विषय बदलेल, हे माहीत आहे. त्यामुळे त्याला विचारून काही करण्यात अर्थ नाही. येत्या शनिवारी मी सांगलीला जातोय. आधी आबांशी बोलेन, मग तलाठ्याकडे. दादाच्या बागेला या आठवड्यात पुन्हा रात्रीची लाईट आहे. शनिवारी पाणी मी धरेन, त्याला झोपू दे.