वैराग्य, नैराश्य आणि आपले कर्तव्य

'देह अनित्य आहे, संसार दुःखरूप आहे, असे शास्त्र वारंवार सांगते; मग दुःखाने गांजलेल्या मनुष्याने हा देह स्वहस्ते टाकला तर त्यात अनुचित ते काय?' अशी शंका कित्येक वासनिक विचारतात. शंका वरवर तर्कशुद्ध दिसते. परंतु तिच्यात वैराग्य आणि नैराश्य या दोन भिन्न वस्तू एकच मानल्या आहेत.

वैराग्यात विषयांचा वीट येतो, पण परमेश्वराविषयीची आर्ती वाढते. नैराश्यात सर्वच आस्था मावळते. विरक्त पुरुष देहाचे लाड करीत नाही; तथापि ज्ञानाचे व आचाराचे साधन म्हणून तो राखतो. मनुष्यदेहावाचून जीवाला ते साधन अन्यत्र नाही. शिवाय जी अहिंसा मुंगीपर्यंत पोहोचते, ती स्वतःच्या देहापाशी येऊन थांबेल कशी?

हा सिद्धान्त झाला. परंतु सिद्धान्त म्हणजे खचलेल्या माणसावर उगारण्याची काठी नव्हे. ज्वराने फणफणलेल्यास कोणी पथ्यावर व्याख्यान देत नाही. आधी त्याच्या उशाशी बसतो. मनाचा ज्वरही तसाच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले. मग आपणच त्याला पापी म्हणून दूर का लोटावे?

स्वामी उत्तरापंथे गेल्यावर भटोबासांसारख्या अधिकारी पुरुषालाही विरहदुःख दुःसह झाले. पुढे रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत सारा परिवार एकमेकांच्या आधाराने राहिला. ते रिद्धपूर ज्या विदर्भात आहे, तेथेच नापिकीने व कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यांनी प्राण दिले आहेत. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. आपली भिक्षेची झोळी याच घरांच्या दारी जाते.

तेव्हा करावे काय? जो अकस्मात अबोल झाला, जो 'आता माझे ओझे कोणावर नको' असे बोलू लागला, जो जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागला, त्याला एकान्ती स्पष्ट विचारावे, 'मरणाचा विचार मनात येतो काय?' विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. मग उपदेश न करता ऐकावे. धोका निकट वाटला तर त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत आणि त्याला वैद्यांकडे न्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. नामस्मरण औषधाच्या आड येत नाही; औषधही नामस्मरणाच्या आड येत नाही.

येथे एक धर्मसंकट उभे राहते. 'कोणास सांगू नका' असे वचन घेऊन कोणी आपला बेत सांगितला, तर? असे वचन मुळात देऊच नये. दिले असल्यास जीवरक्षणासाठी योग्य माणसास सांगणे हेच उचित होय. गुप्ततेने शब्द राखला जाईल, पण जीव जाईल. जीव राहिला तर आज रागावलेला मनुष्य पुढे समजून घेऊ शकेल.

आणि ज्या घरी असा मृत्यू घडून गेला, त्या घराला कुजबुजीचा विषय करू नये. तेथे महंतांनी व वासनिकांनी आवर्जून जावे. त्या घरात मागे राहिलेल्यांचा शोकही आपणच सांभाळावयाचा आहे.