स्वधर्म, शरीर आणि आखाडा

स्वधर्म हा शब्द माणसाच्या कर्मक्षेत्राला लागू होतो की त्या क्षेत्रात उतरण्यासाठी त्याने मिळवलेल्या पात्रतेला, हा प्रश्न गीतेच्या मराठी भाष्यपरंपरेत पुनःपुन्हा उपस्थित झाला असला, तरी त्याची चर्चा बहुधा वर्ण, आश्रम आणि संन्यास यांच्या चौकटीतच होत आली आहे. हाच प्रश्न मल्लाच्या आणि मुष्टियोद्ध्याच्या उदाहरणाने शरीराच्या पातळीवर तपासला, तर त्यातील काही गुंता सुटतो; कारण आखाड्यात पात्रता, नियम आणि फळ या तिन्ही गोष्टी उघड्यावर असतात आणि चुकीच्या समजुतीचे उत्तर तेथे काही क्षणांत मिळते.

या तपासणीसाठी अमेरिकेतील एरिक एश या मुष्टियोद्ध्याचे उदाहरण उपयुक्त आहे. पावट्यासारख्या एका शेंगेवरून पडलेल्या ‘बटरबीन’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. एकशे ऐंशी किलोच्या आसपास वजन, केस नसलेले डोके आणि हाताच्या एकाच तडाख्यात सामना संपवण्याची ताकद यांमुळे तो चार फेऱ्यांच्या लढतींचा राजा म्हणवला गेला, आणि २००२ मध्ये लॅरी होम्स या माजी जगज्जेत्यासमोर दहा फेऱ्या उभा राहून तो केवळ गुणांवर हरला. असा मनुष्य ३१ डिसेंबर २००३ रोजी जपानमधील नागोया येथे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती आणि सांध्यांच्या पकडी या सर्वांना मुभा देणाऱ्या लढतीच्या, रिंगणात उतरला. समोर वजनाने त्याच्या निम्म्याहूनही कमी असलेला गेन्की सुदो होता. दुसऱ्या फेरीत सुदोने त्याची टाच पकडून गुडघ्याला पीळ देणारी पकड लावली आणि एशला हार मान्य करावी लागली.

या पराभवाचा अर्थ लावण्यापूर्वी तीन क्रीडाप्रकारांतील एक मूलभूत भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कुस्तीत मल्लाचे दोन्ही खांदे जमिनीला टेकले की तो चीतपट होतो आणि कुस्ती तेथेच संपते. मुष्टियुद्धात खाली पडलेल्याला पंच दहा आकडे मोजेपर्यंत उठण्याची संधी देतो आणि तोवर प्रतिस्पर्ध्याला दूर उभे राहावे लागते. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये मात्र पाठ जमिनीला लागल्यावरही लढत चालूच राहते, किंबहुना पाठीवर पडलेला योद्धाच वरच्याचा हात किंवा गळा आवळून जिंकू शकतो. पाठ टेकणे ही एकच शारीरिक घटना पहिल्या ठिकाणी अंतिम पराभव, दुसऱ्या ठिकाणी विराम आणि तिसऱ्या ठिकाणी नव्या डावाचा प्रारंभ ठरते. म्हणजे जय आणि पराजय हे शरीराचे अंगभूत धर्म नसून क्षेत्राच्या नियमांनी शरीराला दिलेले अर्थ आहेत, आणि जो एका क्षेत्रातून दुसऱ्यात जातो त्याला नवे डाव तर शिकावे लागतातच, पण पडणे म्हणजे काय हेही नव्याने शिकावे लागते.

स्वधर्म गुणहीन वाटला तरी तो सोडू नये आणि परधर्म भयावह असतो, या गीतेच्या तिसऱ्या व अठराव्या अध्यायांतील प्रतिपादनाचे प्रथमदर्शनी समर्थन येथे मिळते. ज्ञानेश्वरांनी १२९० मधील आपल्या भाष्यात याच संदर्भात माशाचा दृष्टान्त योजला आहे: तूप पाण्याहून गुणांनी श्रेष्ठ असले, तरी मासा तुपात जगू शकत नाही. या दृष्टीने पाहता एशचे पाणी म्हणजे मुष्टियुद्धाचे रिंगण, आणि नागोयाचे रिंगण म्हणजे तूप. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या, यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्स स्पर्धामालिकेच्या पहिल्या स्पर्धेत आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात मुष्टियुद्धाचा हातमोजा घालून उतरला होता आणि जमिनीवरील पकडींत निपुण असलेल्या रॉयस ग्रेसीखाली सापडताच त्याने हार पत्करली. एक हात जुन्या धर्मात आणि दुसरा नव्यात ठेवणाऱ्याची स्थिती याहून नेमकेपणाने दाखवणे अवघड आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुष्टियुद्धातील माजी विश्वविजेता जेम्स टोनी याला मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतीत रँडी कूटूर या मुरलेल्या योद्ध्याने पहिल्याच फेरीत खाली पाडून गळ्याच्या पकडीने नमवले, तेव्हाही हाच निष्कर्ष दृढ झाल्यासारखे वाटले.

परंतु एशचा पुढील इतिहास हा निष्कर्ष जसाच्या तसा टिकू देत नाही. त्याने ते रिंगण सोडले नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये लंडन येथे त्याने जेम्स थॉम्पसन या धिप्पाड इंग्रज योद्ध्याला ४३ सेकंदांत ठोशांनी गारद केले. हा विजय जुन्या कौशल्याचाच होता असे म्हणता येईल. मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानमध्ये त्याच्याइतक्याच अवाढव्य झुलुझिन्यो या ब्राझिलियन योद्ध्याला त्याने हाताला पीळ देणाऱ्या पकडीने हार मानायला लावली. मुठींवर जगलेल्या मनुष्याने सांध्याच्या पकडीने जिंकणे, तेही ज्या प्रकारच्या पकडीने तो सव्वातीन वर्षांपूर्वी हरला होता तशाच एका पकडीने, ही घटना माशाच्या दृष्टान्तात बसत नाही. माशाला तुपात श्वास घेण्यास शिकता येत नाही; मनुष्याला येते. दृष्टान्त चुकीचा आहे असे यावरून ठरत नाही, पण तो क्षेत्राला लावावयाचा की अधिकाराला, हे आधी ठरवणे भाग पडते. अधिकार या शब्दाचा येथे अर्थ सत्ता असा नसून, वेदान्तात तो ज्या अर्थाने येतो त्या अर्थाने, म्हणजे साधनेने मिळवलेली पात्रता असा आहे. टोनी परक्या क्षेत्रात गेला म्हणून हरला असे म्हणण्यापेक्षा तो त्या क्षेत्राच्या अधिकाराविना गेला म्हणून हरला असे म्हणणे अधिक युक्त आहे.

या भेदाची दुसरी बाजू मुंबईत दिसली. मार्च २०१२ मध्ये सुपर फाइट लीग या मिक्स्ड मार्शल आर्ट्स मालिकेची पहिली स्पर्धा अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाली, तेव्हा मुख्य लढतीसाठी हाच जेम्स थॉम्पसन आणि अमेरिकन फुटबॉलमधून लढतींकडे वळलेला बॉब सॅप यांना आणले गेले. प्रेक्षकांना आकर्षण होते ते सॅपच्या प्रचंड देहाचे. प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत त्याने हार मानली, आणि त्या काळातील त्याच्या लढतींची नोंद पाहिली तर पराभवांची लांब रांग आढळते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांची वर्गवारी आणि त्यांच्या तयारीचे वर्णन आहे. म्हणजे राजाच्या करमणुकीसाठी लढणाऱ्या मल्लाचेही मोजमाप त्याच्या साधनेसह होत असे. देह केवळ पाहण्यासाठी मागवला जातो आणि साधना विचारली जात नाही, तेव्हा योद्धा आपल्या कर्माचा कर्ता न राहता दुसऱ्याच्या कुतूहलाचे साधन बनतो. परधर्म भयावह असतो या वचनाचा खरा आशय बहुधा येथे शोधावा लागेल: दुसऱ्याचे काम करणे भयावह नाही, दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजून घेणे भयावह आहे.

महाराष्ट्राच्या कुस्तीपरंपरेत क्षेत्रांतराचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे हे मल्ल तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मुरवलेल्या मऊ तांबड्या मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर, म्हणजे मॅटवर, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढावे लागले, आणि तेथे पाय रोवण्याची रीत, वेळेचे बंधन व गुणांची पद्धत ही सर्वच वेगळी होती. तेथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्यांनी मातीचा त्याग केला असे कोणीही म्हणत नाही. मातीत कमावलेली चपळता त्यांनी गादीच्या भाषेत बोलती केली. १९६१ पासून होत असलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने पुढे हे दोन्ही अधिकार एकाच रचनेत सामावून घेतले, कारण तिच्यात माती व गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांचे विजेते अंतिम कुस्तीत समोरासमोर येतात.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. स्वधर्माच्या कल्पनेचा सामाजिक उपयोग पात्रता जोपासण्यासाठी क्वचित आणि जन्माने ठरलेल्या कामाला माणसे बांधून ठेवण्यासाठी अधिक झाला, हे नाकारता येत नाही. महाभारतात कर्ण रंगभूमीवर अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याचे कौशल्य पाहत नाहीत, कुळ विचारतात. तेथे अधिकाराची जागा जन्माने घेतली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनविषयक प्रबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे आणि तिच्यात माणसाच्या नैसर्गिक कलाला वा निवडीला स्थान नाही. या टीकेनंतर स्वधर्म हा शब्द जन्मसिद्ध कामाच्या अर्थाने वापरणे नैतिक दृष्ट्या शक्य राहिलेले नाही. तो राखावयाचा असेल तर साधनेने सिद्ध झालेला अधिकार या अर्थानेच राखता येईल, आणि त्या अर्थाने क्षेत्र बदलण्याचा हक्क हा स्वधर्माचा अपवाद नसून त्याचाच भाग ठरतो.

तथापि क्षेत्र बदलणारा प्रत्येक जण स्वेच्छेने बदलतो असे नाही, आणि याचा पुरावा नवी मुंबईच्या भूमीवर आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे सरकारी शहरविकास महामंडळ स्थापन झाले, आणि नव्या शहरासाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. तेथील आगरी, कोळी, कराडी समाजाचे भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हे पिढ्यांनी कमावलेले अधिकार होते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यातील जासई परिसरात या संपादनासंबंधी झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एश तुपात स्वतः उतरला होता. येथे माशाभोवतीचे पाणीच काढून घेतले गेले. भूखंड परत मिळाल्याने मालमत्ता काही अंशी भरून निघते, परंतु भरती-ओहोटीचे ज्ञान किंवा मिठाच्या कोंड्यात पाणी कधी घ्यावे याचा अंदाज यांना नव्या क्षेत्रात कोणता अर्थ उरतो, हा प्रश्न मोबदल्याने सुटत नाही. वाशी, नेरूळ, खारघर येथील व्यायामशाळांत आज मुष्टियुद्ध आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकणाऱ्या तरुणांमध्ये याच गावठाणांतील मुलेही असू शकतात. त्यांनी कोणता आखाडा निवडावा हे पूर्वजांच्या कामावरून ठरणार नाही, पण त्यांना निवडण्याइतकी साधना आणि सवड मिळाली का, हे समाजाने विचारलेच पाहिजे.

या सर्व विवेचनावरून तीन गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. पहिली अशी की क्षेत्र बदलणे म्हणजे परधर्म नव्हे. खाशाबांची गादी आणि एशचा झुलुझिन्योवरील विजय यांनी ते सिद्ध केले आहे. दुसरी अशी की अधिकाराविना क्षेत्र बदलणे हा परधर्मच आहे, मग जाणाऱ्याचे नाव कितीही मोठे आणि देह कितीही प्रचंड असो. आणि तिसरी अशी की ज्यांचे क्षेत्र इतरांच्या निर्णयाने बदलते, त्यांना नवा अधिकार कमावण्याचे साधन देणे ही निर्णय घेणाऱ्यांची जबाबदारी आहे. ती पार न पाडता त्यांना स्वधर्माचा उपदेश करणे हा अधर्म होय.