निषेधाने राखलेले रान

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, म्हटला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुष्काळ, ज्वारी, साखर कारखाने आणि संतांची स्थाने उभी राहतात. परंतु याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, जेथे अकोले तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर चढून कोकणात डोकावतो, तेथे रतनवाडी, घाटघर, साम्रद, कुमशेत अशा महादेव कोळी आणि ठाकर वस्तीच्या गावांवर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, पाऊस कोसळतो, आणि ज्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांना जेमतेम पाचशे मिलिमीटरांवर वर्ष काढावे लागते, त्याच जिल्ह्याच्या या कोपऱ्यात हिरडा, जांभूळ, अंजनी, बेहडा यांचे अरण्य अद्याप तग धरून आहे. तग धरून आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. मध्ये भातखाचरे आली, गायराने आली, रस्ते आले, 1926 साली पुरा झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय आला. 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले तेव्हा सरकारच्या हाती आले तेही असेच विखुरलेले रान. या तुकड्यांतले जे दाट आणि पुरातन, ते पुष्कळदा देवाच्या नावाने राहिलेले असतात.

अशा देवराईत शिरले की प्रथम जाणवतो तो पायाखालचा पाचोळा, घोट्यापर्यंत येणारा आणि भर उन्हाळ्यातही तळाशी ओलसर. मध्यभागी शेंदूर फासलेला तांदळा, त्याच्यापुढे कोणी नवसाला वाहिलेली मातीची जनावरे, आणि मागे मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली, तिच्या हातभराहून लांब चपट्या शेंगा वर लोंबत असलेल्या. कित्येक ठिकाणी या देवाला छप्पर चालत नाही अशी समजूत आहे. काही राया अशा की तेथील वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. काही ठिकाणी देवाच्या कार्यापुरते पडलेले लाकूड घेण्याची मुभा असते. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 नंतरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी धुंडाळून या रीतिरिवाजांची नोंद केली, तेव्हा सुशिक्षित वर्गाला प्रथमच समजले की ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणून हसत होतो, तिने वनखात्याच्या कित्येक हुकमांहून चोख काम केले होते.

येथे श्रद्धावान मनुष्य विजयी मुद्रेने आपल्याकडे पाहू लागतो. त्याने थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे.

मीमांसकांनी शास्त्रवचनांत विधी आणि निषेध असा भेद केला. विधी मनुष्याला कर्म करावयास लावतो. निषेध त्याला कर्मापासून परावृत्त करतो. निषेध पाळणाऱ्याच्या पदरी काही विशेष पुण्य पडत नाही, केवळ पाप टळते, असा त्यांचा अभिप्राय. देवराईचा सारा धर्म निषेधाचा आहे: तोडू नको, उचलू नको, चप्पल घालून येऊ नको. सभोवार अखंड अरण्य होते तोवर हा धर्म पुरेसा होता, कारण राखलेल्या तुकड्याला लागणारे बी, पाखरू, परागकण शेजारच्या रानातून आपोआप येत होते. आता शेजारी रान नाही. आणि केवळ न करण्याने वाचणारी वस्तू तेव्हाच वाचते, जेव्हा तिच्यासाठी करणारे दुसरे कोणी असते.

ब्राझिलमध्ये मनौस शहराजवळ टॉमस लवजॉय यांनी 1979 साली आरंभिलेल्या प्रयोगात गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जात असताना 1, 10 आणि 100 हेक्टरांचे तुकडे मुद्दाम शाबूत ठेवून त्यांचे पुढे काय होते ते दशकानुदशके पाहिले गेले. कुऱ्हाड न लागताही ते तुकडे झिजत गेले. कडेने ऊन आणि वारा आत शिरला, कडेच्या शंभर मीटरांच्या पट्ट्यात मोठी झाडे भराभर वठली आणि उन्मळली, आणि 100 हेक्टरांच्या तुकड्यांतूनही जमिनीलगतच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या पाखरांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत नाहीशा झाल्या. आता आपल्याकडील हिशेब पाहा. एक हेक्टराची देवराई म्हणजे शंभर मीटर लांबीरुंदीचा चौकोन. तिला सगळी कडच कड, गाभारा नाहीच. अशा कडेने घाणेरी माजलेली कोणालाही दिसेल. आतला वृक्ष फुलतो, फळतोही, परंतु जातीचा दुसरा वृक्ष जवळपास नसेल तर त्याचा वंश खुंटतो. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा झाडांना जिवंतपणीच मृत ठरविले आहे. भूमीवर सहसा न उतरणाऱ्या शेकरूला फांदीला फांदी लागेल तेवढाच मुलूख मोकळा.

याहून अवघड प्रश्न मालकीचा आहे. सरकारदप्तरी कित्येक राया वनखात्याकडे वा गायरानात लागलेल्या असल्या, तरी गावाच्या लेखी मालक देवच. आपल्या न्यायालयांनीही देवतेला कायदेशीर व्यक्ती मानले, पण तिची स्थिती अज्ञान पाल्यासारखी ठरविली. वहिवाटदाराला तिची मिळकत निकडीच्या गरजेवाचून विकता येत नाही. मग जीर्णोद्धाराच्या नावाखाली राईतली झाडे तोडून त्या पैशांत सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, तेव्हा ती गरज कोणाची? ज्या देवाला छप्पर चालत नव्हते त्याची खास नव्हे. गरज भक्ताची आहे. त्याला आपली भक्ती शेजारच्या गावाला दिसावी असे वाटते. (फरशी बसवली की पाचोळा झाडावा लागतो, आणि पाचोळा झाडला की रोप उगवत नाही, एवढे त्याच्या ध्यानात येत नाही.) पूर्वीच्या भिण्यात निदान संयम होता, आजच्या या हौशीत तोही नाही, असे म्हणण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही.

रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा पूर्वेकडे वाहत नेवाशाला जाते, जेथे ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये गीतेवरील टीका सांगितली असे मानतात, त्या पैस खांबापुढे वारकरी आजही माथा टेकतो. पसायदानातले मागणे सर्व भूतांसाठी आहे, एका गावच्या भूतांसाठी नाही. देवराईचा देव मात्र गावशिवेपाशी थांबतो. त्याचा कोप शिवेपलीकडच्या कुऱ्हाडीला लागू होत नाही, आणि शिवेपलीकडच्या झाडाशी त्याचे काही नातेही मानले जात नाही. तुकड्यांना जोडावयाचे तर या दोन श्रद्धांचीच सांगड घालावी लागेल. शिवेवरच्या देवाला भूतमात्राचा विचार, आणि भूतमात्राच्या उदात्त कल्पनेला शिवेवरच्या देवाचा धाक.

म्हणून अकोल्याच्या या पट्ट्यातील देवस्थानांच्या पंचांना सांगणे आहे की येत्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढावी, आपल्याच राईतल्या जांभूळ, उंबर, हिरडा, बेहड्याच्या बियांची रोपे करून ती ओढ्याच्या काठाने शेजारच्या गावच्या राईपर्यंत लावीत जावे, आणि निदान चार पावसाळे ती गुरांपासून राखावीत. तोडण्यासाठी देवाला कौल लावतात, तसा एकदा लावण्यासाठीही लावून पाहावा. आणि वनखात्याने परवानगीच्या एका कागदासाठी त्यांना तालुक्याला हेलपाटे घालावयास लावू नयेत.