विझलेला दिवा

वाचक माउली, दिवाळी आली की आमच्या मंदिरातली विजेची जुनी माळ पेटीतून बाहेर निघते आणि माझ्यापुढे येऊन पडते. उभे राहून कीर्तन करणे गुडघ्यांनी सोडवले. बसून करण्यासारखी एवढी सेवा उरली आहे.

हल्लीच्या एलईडीच्या माळा बंद पडल्या की लोक फेकतात. ही माळ जुन्या दिव्यांची. 6 व्होल्टचे 40 दिवे एकापुढे एक जोडलेले. 230 व्होल्टची वीज सगळ्यांनी वाटून घ्यायची. एकाची तार तुटली की चाळीसही विझतात, आणि अंधारात दोषी-निर्दोष सारखेच दिसतात. मी टेस्टर मधल्या जोडावर लावतो. फेजच्या बाजूने तुटीपर्यंत तो उजळतो, पुढे नाही. असे अर्धे अर्धे करत गेले की पाच-सहा खेपेत दिवा सापडतो. मात्र हात घालण्याआधी प्लग काढावा. विझलेल्या माळेतही वीज असते.

सापडला, पण तसला दिवा आता बाजारात मिळत नाही. पोरे म्हणतात, "महाराज, तो काढा, तारा जोडा, टेप लावा." तसे केले की माळ लागते, आणि गंमत म्हणजे जरा जास्तच उजळते! कारण काढलेल्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो. पाच दिवे असे काढले की उरलेल्या प्रत्येकावर साडेसहा व्होल्टच्या वर येतात. पाहणारे वाहवा करतात. दिवे मात्र लवकर जळतात.

माउली, काढून टाकणे ही दुरुस्ती म्हणावी का? मी विचारतो, कारण हे मी माणसांत केले आहे. आमच्या एका वृद्ध टाळकऱ्याचा हात ठेका चुकू लागला. ऐन सप्ताहात मी त्यांना टाळ ठेवून मागे बसायला सांगितले. कीर्तन त्या रात्री रंगले, हे खोटे कसे सांगू? शेकडो श्रोत्यांचा रसभंग होऊ द्यायचा का, हाही प्रश्न खराच होता. पण पुढच्या साली ते आले नाहीत. उरलेले टाळकरी माझ्या तोंडाकडे बघत, धास्तीने वाजवू लागले. आणखी दोघे गळाले.

त्यांना एखाद्या पक्क्या टाळकऱ्याशेजारी उभे करून पाहता आले असते. मी पाहिले नाही. दिवा पुष्कळदा जळालेला नसतो, होल्डरमध्ये नुसता ढिला झालेला असतो, हे मला ठाऊक होते; पण टाळकऱ्याच्या वेळी आठवले नाही.

यंदा तेविसावा दिवा बंद निघाला. पॉलिश पेपरने त्याच्या तारा घासल्या, पुन्हा बसवला. लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. पोरगा म्हणाला, "महाराज, राहू द्या आता."

म्हटले, "प्लग काढ. अजून एकदा बघू."